किती मोठं ते राहू दे, फेऱ्या किती झाल्या ते बघू

भाच्याने परवा फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तुम्हीही तो कधी ना कधी बघितला असणारच, आधी चंद्र, मग पृथ्वी, मग गुरू, मग सूर्य, मग सूर्यापेक्षा मोठे तारे, मग आपली गॅलक्सी, मग गॅलक्सींचे क्लस्टर आणि शेवटी आख्खं विश्व, आणि खाली ढॅण ढॅण म्युझिक. खाली त्याचा प्रश्न होता, "आत्या, मग सगळ्यात मोठं काय गं?" ग्रुपवर उत्तर लिहायला लागले तर ते लांबतच गेलं म्हणून इथे नीट लिहितेय.

मला ते व्हिडिओ आवडतात हे आधी सांगते. मुलांना पहिला झटका त्यातूनच बसतो आणि तो बसायलाच हवा. पण त्यात एक गोष्ट हरवते. सगळं एका ओळीत मांडलं की असं वाटतं की क्लस्टर म्हणजे मोठी गॅलक्सी आणि गॅलक्सी म्हणजे मोठी सूर्यमाला, वस्तू तीच फक्त साइज वेगळी. तसं अजिबात नाहीये. जसजसं वर जावं तसा साइजबरोबर त्या वस्तूचा स्वभावच बदलतो, ती किती घट्ट बांधलेली आहे, तिच्यात किती शिस्त आहे, आणि खरं तर ती "एक वस्तू" आहे का हेसुद्धा.

आधी नुसत्या साइजचंच घ्या. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, गुरू तिच्या ११ पट, सूर्य १०९ पट. इथवर ठीक. पुढे मृग नक्षत्रातला तो तांबूस काक्षी उर्फ बीटलज्यूस येतो, तो सूर्याच्या जागी आणून ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे त्याच्या पोटात. व्हिडिओत तो अवाढव्य गोळा दिसतो आणि सूर्य त्याच्यापुढे टिंब. पण वस्तुमान बघितलं तर काक्षी सूर्याच्या पंधरा-वीस पटच आहे, म्हणजे एवढ्या प्रचंड जागेत जेमतेम तेवढाच माल, बाहेरचे थर तर आपल्या हवेपेक्षा कितीतरी विरळ. आता उलट टोकाला जा. न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला त्याचा दाबलेला गाभा, वीस-पंचवीस किमी व्यासाचा, पुणे शहरावर ठेवला तर मावेल एवढा, आणि त्याचं वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त, सूर्याच्या दीडपट वगैरे. व्हिडिओत हा बिचारा पृथ्वीच्याही आधी येऊन दिसेनासा होतो. त्यामुळे रुंदी मोजून रांग लावली की काय घट्ट आणि काय नुसतं पसरलेलं हे कळतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मधली रिकामी जागा. ही मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते कारण ती प्रत्येक पायरीला वेगळी आहे. सूर्याला ज्वारीचा दाणा समजा आणि तो पुण्यात ठेवा, तर त्याच्या सर्वात जवळचा दुसरा तारा म्हणजे साताऱ्यात ठेवलेला ज्वारीचा दाणा. मध्ये काही नाही. खरे आकडे हवे असतील तर सूर्याचा व्यास १३.९ लाख किमी आणि प्रॉक्सिमा ताऱ्याचं अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किमी, भागाकार केला की जवळपास २.९ कोटी येतो. आता तोच हिशोब गॅलक्सीला लावा. आपली गॅलक्सी साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि शेजारची मोठी गॅलक्सी, देवयानी, २५ लाख प्रकाशवर्षांवर. भागाकार फक्त २५! ज्वारीच्या दाण्याऐवजी फूटभर व्यासाचं ताट घेतलं तर दुसरं ताट २५ फुटांवर, एकाच हॉलमध्ये. आणि क्लस्टर तर त्याहून दाटीत, त्यांच्यातली अंतरं त्यांच्या स्वतःच्या रुंदीच्या काही पटच.

याचा परिणाम साधा नाही. गॅलक्सी एकमेकींवर आदळतात, नेहमी आदळतात, ते विश्वात रोजचं आहे. पण आदळताना त्यांच्यातले तारे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, आरपार निघून जातात, कारण दोन ताऱ्यांमध्ये पुणे-सातारा आहे. गॅसचे ढग मात्र आपटतात, दाबले जातात आणि त्यात नवे तारे पेटतात. म्हणजे एकाच टकरीत एक घटक आपटतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो. हे साइजच्या व्हिडिओतून कधी कळणार?

मग संघटन, शिस्त, रचना हे मोजायचं कसं? माझं स्वतःचं एक माप आहे, ते सांगते, आणि बाकीचं सगळं लिखाण त्याच्यावरच आहे. एखादी रचना किती "झालेली" आहे हे बघायचं असेल तर तिच्यातल्या गोष्टींच्या आत्तापर्यंत किती फेऱ्या झाल्या ते मोजा. म्हणजे एकमेकांभोवती किती वेळा फिरल्या किंवा या टोकापासून त्या टोकाला किती वेळा जाऊन आल्या. गुरुत्वाकर्षण ओढतं, पण शिस्त लावायला त्याला वेळ लागतो आणि तो वेळ फेऱ्यांमध्ये मोजायचा, वर्षांमध्ये नाही.

शनीची कडी घ्या. मुख्य कडी टोकापासून टोकापर्यंत पावणेतीन लाख किमी, आणि जाडी बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटर! तीन-चार मजली इमारतीएवढी जाडी आणि पृथ्वी ते चंद्र अंतराच्या सत्तर टक्के रुंदी. आपल्याला माहीत असलेल्या निसर्गात इतकी सपाट गोष्ट क्वचितच असेल. का एवढी सपाट? कारण त्यातला प्रत्येक बर्फाचा तुकडा सहा ते चौदा तासांत शनीभोवती एक फेरी मारतो. कड्यांचं वय हा अजून वादाचा विषय आहे पण अगदी कमीत कमी म्हणून १० कोटी वर्षं धरली तरी हजारो कोटी फेऱ्या झाल्या. एवढ्या फेऱ्यांमध्ये जो कोणी तिरका फिरत होता तो शेजाऱ्याला धडकून धडकून सरळ झाला.

गुरूचे चंद्र बघा. छोट्या दुर्बिणीतून सुद्धा मस्त दिसतात, एका रात्रीत जागा बदललेली कळते, गॅलिलिओने १६१० मध्ये हेच बघितलं होतं. त्यातल्या आयओच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपाच्या बरोब्बर दोन आणि गॅनिमीडची एक. हा योगायोग नाही, एकमेकांना हळूहळू ओढून ओढून ते या तालात आले आणि आता त्यातून बाहेर पडत नाहीत. आयओची फेरी पावणेदोन दिवसांची, म्हणजे वर्षाला दोनशेच्या वर. आपला चंद्र कायम एकच बाजू दाखवतो तीही अशाच लाखो-कोटी फेऱ्यांची कमाई आहे. पृथ्वीच्या सूर्याभोवती साडेचारशे कोटींच्या वर फेऱ्या झाल्या. सूर्यमाला ही जुनी, मुरलेली, शिस्तीत बसलेली व्यवस्था आहे, आणि म्हणूनच पंचांग करता येतं, ग्रहण सेकंदापर्यंत सांगता येतं.

इथे एक गोष्ट मात्र जोडायला हवी. नुसत्या फेऱ्या पुरत नाहीत, ऊर्जा कुठेतरी बाहेर जायला वाट पण हवी. कड्यांतले तुकडे धडकतात, तापतात, ती उष्णता निघून जाते, म्हणून ते बसतात. गॅसही आपटतो, तापतो, प्रकाश फेकतो, थंड होतो आणि खाली बसतो, म्हणून गॅसच्या तबकड्या बनतात आणि त्यात तारे बनतात. तारे मात्र एकमेकांना धडकतच नाहीत, त्यामुळे ताऱ्यांचा गोल घोळका हजारो फेऱ्या मारूनही गोलच राहतो. आणि डार्क मॅटर, म्हणजे जे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते ते द्रव्य, तर ना धडकतं ना प्रकाश फेकतं, त्यामुळे ते गॅलक्सीभोवती फुगलेल्या गोळ्यासारखं पसरून राहतं आणि त्याच्या मधोमध ताऱ्यांची चपटी तबकडी. सपाट का गोल हे बघूनच आत काय घडू शकलं आणि काय नाही ते सांगता येतं, मला तर हे कळलं तेव्हापासून कुठलाही फोटो बघितला की आधी हाच प्रश्न पडतो.

आता तारकागुच्छ. कृत्तिका सगळ्यांना माहीत आहेत, हिवाळ्यात डोक्यावर दिसणारा तो छोटासा झुपका, नुसत्या डोळ्यांनी सहा-सात तारे आणि खरे हजारावर. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत आणि वय जेमतेम १० कोटी वर्षं, म्हणजे डायनासोर फिरत होते तेव्हा जन्मलेले. पण हा गुच्छ टिकणारा नाही, अजून पंचवीसेक कोटी वर्षांत गॅलक्सीच्या ओढीने तारे सुटे होत जातील आणि कृत्तिका नावाचं काही राहणार नाही. याउलट ओमेगा सेंटॉरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडून दक्षिणेला क्षितिजाच्या थोडा वर दिसतो, जुन्नरकडच्या घाटात किंवा कोकणात अंधाऱ्या जागी गेलात तर नुसत्या डोळ्यांनी धुरकट ताऱ्यासारखा. सुमारे १५० प्रकाशवर्षांच्या गोळ्यात अंदाजे एक कोटी तारे! वय १,२०० कोटी वर्षांच्या आसपास, आतल्या ताऱ्यांच्या हजारो फेऱ्या झालेल्या, आणि घट्ट बांधलेला. दोन्ही तारकागुच्छच, पण एक गळत चाललाय आणि दुसरा जवळपास विश्वाइतका जुना असून जागचा हललेला नाही. (ओमेगा हा मुळात एका छोट्या गॅलक्सीचा उरलेला गाभा असावा असं बऱ्याच जणांचं मत आहे, बाकीची गॅलक्सी आपल्या गॅलक्सीने ओरबाडून नेली.)

त्यावरून आठवलं, गॅलक्सी म्हणजे नक्की काय हाही साइजचा प्रश्न नाहीये. सेग्वे १ नावाची एक गॅलक्सी आपल्या जवळच आहे, तिच्यात हजारभर तारे असतील नसतील, म्हणजे कृत्तिकांएवढेच, आणि ओमेगामध्ये त्याच्या हजारो पट. तरी सेग्वे १ ला गॅलक्सी म्हणतात आणि ओमेगाला गुच्छ. कारण सेग्वे १ मधले तारे ज्या वेगाने फिरताहेत तो बघता तिथे डार्क मॅटरचा मोठा साठा असायलाच हवा, नाहीतर ते कधीच उधळले असते. ताऱ्यांची संख्या नाही, तर त्यांना कशाने धरून ठेवलंय हे महत्त्वाचं.

आपली स्वतःची गॅलक्सी बघू. १०,००० ते ४०,००० कोटी तारे, तबकडी १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि हजारेक प्रकाशवर्षं जाड, म्हणजे शंभराला एक. शनीच्या कड्यांशी तुलना करून बघा, तिथे हेच प्रमाण कोटीला एक वगैरे होतं. आता फेऱ्या मोजा. सूर्य मध्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, सेकंदाला २२०-२३० किमी वेगाने पळतोय आणि तरी एका फेरीला त्याला साधारण २२-२३ कोटी वर्षं लागतात. जन्मापासून विसेक फेऱ्या झाल्या असतील. बस्स! आख्खा पृथ्वीचा इतिहास, पहिल्या जिवाणूपासून आपल्यापर्यंत, वीस फेऱ्यांत. म्हणून गॅलक्सी दिसायला सुंदर आहे, तबकडी आहे, सर्पिल हात आहेत, पण शनीच्या कड्यांसारखी घोटून घोटून गुळगुळीत झालेली नाही. तिच्यात अजून जुन्या टकरींचे ओरखडे आहेत, गिळलेल्या छोट्या गॅलक्सींच्या ताऱ्यांचे पट्टे अजून वेगळे ओळखता येतात. आणि हे सगळं धरून ठेवायला ताऱ्यांचं वजन पुरत नाही, खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनी १९७० मध्ये देवयानीच्या कडेकडेच्या भागांचे वेग मोजले तेव्हा बाहेर गेलं तरी वेग कमीच होत नव्हता, तिथून डार्क मॅटर टाळता येईना.

एक पायरी वर चढलं की फेऱ्यांचं खातं जवळजवळ रिकामं. आपली गॅलक्सी, देवयानी, त्रिकोण तारकासमूहातली एम३३ आणि आजूबाजूच्या डझनावारी छोट्या गॅलक्सी, या सगळ्यांचा मिळून एक स्थानिक गट आहे, साधारण १ कोटी प्रकाशवर्षांचा. देवयानी आपल्याकडे सेकंदाला ११० किमी वेगाने येतेय. विश्व जन्मल्यानंतर आधी या दोघी एकमेकींपासून लांब जात होत्या, मग ओढीने थांबल्या, आता परत येताहेत, म्हणजे पहिली फेरीच अजून पूर्ण व्हायची आहे. आणि आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो की ४००-५०० कोटी वर्षांनी टक्कर नक्की, तर २०२५ मध्ये नव्या मोजमापांवरून केलेल्या हिशोबात पुढच्या १,००० कोटी वर्षांत टक्कर व्हायची शक्यता निम्मी-निम्मी निघाली. एम३३ आणि मोठा मॅजेलनी मेघ (आपल्या शेजारची एक छोटी गॅलक्सी) यांची ओढ हिशोबात धरली की सगळं डळमळतं. सूर्यमालेत ग्रहण सेकंदावर सांगता येतं आणि इथे टक्कर होईल का नाही हेच सांगता येत नाही. दोन्हीकडे गुरुत्वाकर्षण तेच आहे. पण इथे अजून काहीच बसलेलं नाही, त्यामुळे सुरुवातीचा जरासा फरक पुढे फार मोठा होतो.

मग क्लस्टर. सर्वात जवळचा मोठा क्लस्टर कन्या राशीच्या दिशेला, ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराच्या वर गॅलक्सी. त्यातल्याच एम८७ गॅलक्सीच्या मधल्या कृष्णविवराचा फोटो २०१९ मध्ये आला होता. पण कन्या क्लस्टर एकजीव नाहीच, एम८७ भोवती एक ढिगारा, एम४९ भोवती दुसरा, एम८६ भोवती तिसरा, आणि ते एकमेकांत मिसळायला नुकतीच सुरुवात झालीये. अरुंधती केश तारकासमूहातला कोमा क्लस्टर त्यापेक्षा भरीव आणि जास्त मुरलेला, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, तरी त्याच्याही मध्यात एक राजा नाही, दोन प्रचंड गॅलक्सी शेजारी शेजारी बसल्यात. म्हणजे दोन क्लस्टर एकत्र आले आणि विलीनीकरण अजून चालू आहे. तिथे गॅलक्सी सेकंदाला हजारेक किमी वेगाने पळतात पण या टोकाचं त्या टोकाला जायला काहीशे कोटी वर्षं लागतात, विश्वाचं वयच १,३८० कोटी, मग फेऱ्या किती होणार, दोन नाहीतर तीन. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीने १९३३ मध्ये याच कोमामधले वेग बघून म्हटलं होतं की दिसतंय तेवढ्या वस्तुमानाने हे बांधलेलं राहूच शकत नाही.

आणि क्लस्टर म्हणजे "गॅलक्सींचा समूह" हे चित्र पण थोडं सोडून द्यायला लागतं. क्लस्टरचं बहुतेक वजन डार्क मॅटरचं. जे साधं द्रव्य आहे त्यातलंही बहुतेक गॅलक्सींमध्ये नाही, गॅलक्सींच्या मधल्या जागेत भरलेल्या गॅसमध्ये आहे, कोट्यवधी अंश तापलेला, फक्त एक्स-रेमध्ये दिसणारा. फोटोत जे चमकतं ते वजनाच्या हिशोबात चिल्लर.

इथपर्यंत निदान "बांधलेलं" म्हणता येतं. याच्या पुढे सुपरक्लस्टर, म्हणजे क्लस्टरांचा समूह, आणि इथे आपल्या पुण्याचं नाव येतं म्हणून थोडं थांबतेच. २०१७ च्या जुलैमध्ये आयुका (खगोलशास्त्राची संस्था) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) पुणे इथल्या जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन वगैरे शास्त्रज्ञांनी जमशेदपूर आणि केरळमधल्या सहकाऱ्यांबरोबर एक प्रचंड सुपरक्लस्टर जाहीर केला आणि त्याला सरस्वती नाव दिलं. मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, टोकापासून टोकापर्यंत ६० कोटी प्रकाशवर्षं, चाळिसेक क्लस्टर, वस्तुमान २ कोटी अब्ज सूर्यांएवढं. यात आयुकाचे तेव्हाचे संचालक सोमक रायचौधुरी पण होते, ज्यांनी १९८९ मध्ये शेपली सुपरक्लस्टरवर काम करून त्याला ते नाव दिलं होतं. डेटा अमेरिकेतल्या स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीचा होता, सगळ्यांसाठी खुला, म्हणजे जगात कोणालाही हे शोधता आलं असतं आणि ते पुण्यात शोधलं गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

या सरस्वतीत दोन मोठे जड भाग आहेत. एक एबल २६३१ नावाचा क्लस्टर, आणि दुसरा झ्विकीच्या यादीतला एक क्लस्टर, जो खरं तर अजून क्लस्टर बनतोय, तुकडे एकमेकांवर आदळताहेत. आमच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली, लहानपणापासून येता-जाता बघितलेली, तिने या आदळणाऱ्या क्लस्टरच्या दोन्ही बाजूंना रेडिओ लहरींच्या दोन कमानी टिपल्यात. टकरीतून निघालेल्या धक्क्याच्या लाटा आहेत त्या, दोन दिशांना बाहेर जाणाऱ्या. (कधी गेला नसाल तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं, शाळकरी पोरांना घेऊन जाच.)

पण सरस्वतीत फेऱ्या किती झाल्या? एकही नाही. नीट हिशोब करून बघा. आपला स्थानिक गट विश्वाच्या पार्श्वभूमीच्या (म्हणजे बालविश्वातून उरलेल्या, सगळीकडे पसरलेल्या प्रकाशाच्या) तुलनेत सेकंदाला सहाशे-सव्वासहाशे किमी वेगाने सरकतोय, हा काही कमी वेग नाही. प्रकाशाच्या वेगाचा साधारण पाचशेवा भाग. या वेगाने विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत, १,३८० कोटी वर्षं, अखंड पळत राहिलो असतो तरी पावणेतीन कोटी प्रकाशवर्षं कापली असती. कन्या क्लस्टर गाठायला सुद्धा त्याच्या दुप्पट लागतं. आणि सरस्वती ६० कोटी रुंद! ब्रेंट टली, एलेन कूर्त्वा यांच्या टीमने २०१४ मध्ये आपण ज्यात राहतो त्या सुपरक्लस्टरची हद्द आखली, लानियाकेआ, तो ५२ कोटी प्रकाशवर्षं रुंद. म्हणजे सुपरक्लस्टरच्या एका टोकाला काय आहे हे दुसऱ्या टोकाच्या गॅलक्सीला जाऊन भेटून कळायची वेळच आलेली नाही. एकमेकांना शिस्त लावणं तर दूरच.

म्हणून माझं म्हणणं असं की वर जावं तशी रचना "जास्त भव्य" होत नाही, ती जास्त कच्ची होत जाते. शनीची कडी पूर्ण झालेली. गॅलक्सी बऱ्यापैकी. क्लस्टर अर्धवट. सुपरक्लस्टर म्हणजे नुसती सुरुवात.

आणि कच्चेपणाचा एक मोठा फायदा आहे, जो मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भिडतो. जिथे फेऱ्या झाल्या तिथे सुरुवातीची आठवण पुसली गेली. शनीच्या कड्यांतला तुकडा मुळात कुठून आला ते कड्यांकडे बघून सांगता येत नाही. पण सुपरक्लस्टरच्या पातळीवर कोणी फार हललेलंच नाही, त्यामुळे मूळ नक्षी जवळजवळ तशीच आहे. विश्व ३,८०,००० वर्षांचं होतं तेव्हा त्यात जागोजागी घनतेत लाखाला एक असा इवलासा फरक होता, १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने तो दाखवला. तेच फरक गुरुत्वाकर्षणाने वाढवत नेले आणि त्याच रेषांवर आज गॅलक्सींच्या भिंती आणि धागे आहेत. मार्गारेट गेलर आणि जॉन हकरा यांनी १९८९ मध्ये पहिली मोठी भिंत दाखवली, त्याच्या आधी १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला तीसेक कोटी प्रकाशवर्षांची जवळजवळ रिकामी पोकळी सापडली होती. आणि खरी कमाल म्हणजे त्या तापलेल्या बालविश्वात ध्वनीच्या लाटा पसरत होत्या, विश्व थंड झालं तेव्हा त्या जिथे पोचल्या होत्या तिथेच थबकल्या, आणि तो ठसा आजही गॅलक्सींच्या अंतरांत मोजता येतो! साधारण ४९ कोटी प्रकाशवर्षं एवढ्या अंतरावर गॅलक्सींच्या जोड्या अपेक्षेपेक्षा किंचित जास्त सापडतात. २००५ मध्ये हे पहिल्यांदा नक्की झालं. क्लस्टरच्या आत असा ठसा कधीच घोळला जाऊन संपला असता.

आता भाच्याचा मूळ प्रश्न, सगळ्यात मोठं काय. हर्क्युलिस-कोरोना बोरियालिस भिंत म्हणून एक सांगतात, २०१३ ची, १,००० कोटी प्रकाशवर्षं. २०२१ मध्ये जायंट आर्क, म्हणजे प्रचंड कमान, आली, ३३० कोटी. २०२४ मध्ये बिग रिंग, १३० कोटी व्यासाची. यूट्यूबवर यांचे थंबनेल खूप असतात. माझं मत स्पष्ट आहे, यांना अजून "वस्तू" म्हणू नये. दोन-चार डझन ठिपक्यांत डोळ्याला कमान दिसणं आणि त्या ठिपक्यांचा एकमेकांशी खरंच संबंध असणं यात फार अंतर आहे, आणि शुद्ध योगायोगाने टाकलेल्या ठिपक्यांतही अशा लांबलचक आकृत्या निघतात हे दाखवणारी कामंही झालीयेत. तीसेक कोटी प्रकाशवर्षांच्या वर सरासरी काढत गेलं की विश्व सगळीकडे सारखंच दिसायला लागतं. बघता येणारं विश्व ९,३०० कोटी प्रकाशवर्षं रुंद आहे, आणि एवढ्या पसाऱ्यात "रचना" म्हणावी असं बहुतेक सगळं त्याच्या तीनशेव्या भागाच्या आतबाहेर संपतं. हे व्हिडिओत कोणी दाखवत नाही कारण त्यात बघायला काही नाही, पण खरी आश्चर्याची गोष्ट तीच आहे.

बरं, मग सुपरक्लस्टर पुढे कधीतरी "पूर्ण" होतील का? फेऱ्या होत होत मुरतील का? तर बहुधा नाही. १९९८ मध्ये कळलं की विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय, ते ज्या न कळलेल्या गोष्टीमुळे होतं तिला डार्क एनर्जी म्हणतात. गेली पाचेकशे कोटी वर्षं ती गुरुत्वाकर्षणाला भारी पडतेय. म्हणजे जे तोवर बांधलं गेलं ते बांधलेलं राहणार, बाकीचं सुटत जाणार. आपला स्थानिक गट कन्या क्लस्टरपर्यंत कधीच पोचणार नाही. लानियाकेआ विरून जाईल. सरस्वतीच्या बाबतीत पुण्याच्या टीमचा हिशोब असा की मधला एबल २६३१ भोवतीचा भाग एवढा जड आहे की तो आतल्या आत कोसळत असावा, तो तग धरेल, आणि बाकीचा पसारा हळूहळू लांब जाईल. म्हणजे डार्क एनर्जी ठरवतेय की विश्वातली सगळ्यात मोठी बांधलेली वस्तू केवढी असू शकते, आणि ती मर्यादा मोठ्या क्लस्टरच्या थोडी वरच कुठेतरी आहे.

फक्त हे सगळं डार्क एनर्जी कायम सारखीच राहते असं धरून. आणि तिथेच सध्या गडबड आहे. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर डेसी नावाचं यंत्र आहे, त्यात ५,००० छोटे रोबोट एकेका गॅलक्सीवर फायबर नेमके बसवतात, ते चालवणाऱ्या टीमने मार्च २०२५ पर्यंत सुमारे दीड कोटी गॅलक्सी आणि क्वेसार (फार दूरच्या गॅलक्सींचे झगमगते गाभे) मोजून तोच ४९ कोटींचा ठसा वेगवेगळ्या काळात किती रुंद दिसतो ते तपासलं. त्यांना असं दिसतंय की डार्क एनर्जी बहुधा कमकुवत होत चाललीये. अजून पक्कं नाही, भौतिकशास्त्रात शोध म्हणायला जेवढी खात्री लागते तेवढी नाही. पण पक्कं झालंच तर सुपरक्लस्टरांच्या भवितव्याचा सगळा हिशोब परत मांडायला लागेल, किती सुटतील आणि किती राहतील. त्यांचं मोजमाप अजून चालू आहे, पुढचा निकाल आला की मी इथे लिहीनच, आणि तोवर कोणाकडे सरस्वतीवर नंतर झालेल्या कामाची माहिती असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा.